उन्हातली आग

“अल्कोहोलवर चढवलेलं इंजिन पहिल्यांदा उन्हात चालू करायचं नाही, सूनबाई. संध्याकाळ होऊ दे. त्याची आग अंधारात निदान निळसर दिसते. उन्हात दिसत नाही, नुसती खाते.”

सासरे गेले, पण वर्कशॉपमध्ये त्यांचा शब्द अजून कामाला होता. लेथपाशी उभी राहिली की थोरल्या सुनेला तो ऐकू येई. त्यांनी ठेवलेली गवती केरसुणी आणि पाण्याने भरलेली बादली तिने दारातून कधी हलवली नव्हती. आज मात्र टळटळीत दुपार होती, आणि दिराने खेकडा अंगणात ढकलत आणला होता.

खेकडा म्हणजे त्याची क्वाड, चार चाकांची मोटरसायकलच. फुगीर चाकांची, टू-स्ट्रोक, डोंगरउतारावर तिरकी तिरकी पळणारी. मागच्या शर्यतीत ती त्याच्या अंगावर उलटली आणि खांद्याचं हाड मोडलं. धाकट्या जावेने दवाखान्यातच सांगून टाकलं, एक तर ही गाडी राहील, नाहीतर मी. त्याने गाडी विकल्याचं बायकोला सांगितलं आणि वर्कशॉपात ताडपत्रीखाली दडवली. “वहिनी, तुमच्या तोंडून तिला कळता कामा नये हं.” ती “बरं” म्हणून बसली. एकदा दिलेला शब्द मोडणं तिच्या जिवावर येई.

जाऊ दिवसा चष्म्यांच्या दुकानात असे. संध्याकाळी नवरा घरी दिसला नाही तर तडक इथे येई. त्यामुळे गाडीचं जे काही करायचं ते दिवसाच.

पुढच्या शर्यतीत जास्त जोर मिळावा म्हणून त्याला गाडी पेट्रोलवरून अल्कोहोलवर चढवायची होती. कार्बोरेटरच्या जेटचं, इंधन सोडणाऱ्या तोटीचं, भोक वहिनीनेच मोठं केलं होतं, बारीक ड्रिल हाताने फिरवत, श्वास रोखून. अल्कोहोल पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट लागतं. कमी पडलं तर पिस्टन वितळून बसतो. नेहमीचं टू-स्ट्रोकचं तेल त्यात विरघळत नाही, म्हणून टाकीत एरंडेल मिसळलं होतं.

“लहानपणी आईने मला पाजलं, आता मी हिला पाजतोय,” दीर म्हणाला.

“तुम्ही करायचात तसं तोंड हिने केलं नाही म्हणजे मिळवली.”

तो हसला. ती हसली नाही. “भाऊजी, अंधार पडेपर्यंत थांबू या. बाबा म्हणायचे...”

“अंधार पडला की तुमची जाऊ येते. तिच्यापेक्षा आग परवडली!”

कार्बोरेटर त्याने थाळीभर निव्वळ अल्कोहोलमध्ये धुतला होता. थाळी चाकाशीच राहिली होती. धुताना हात पँटलाच पुसले होते. थंड इंजिन लवकर धरत नाही म्हणून त्याने आत चमचाभर पेट्रोल सोडलं आणि किक मारली. दुसऱ्या किकला कार्बोरेटरमधून फट्ट आवाज झाला, पिवळी जीभ बाहेर आली आणि गेली.

“विझली,” तो म्हणाला. “बघा, काही झालं नाही.”

अंगण होतं तसंच होतं. धूर नाही, ज्वाळा नाही. पण थाळीवरची हवा थरथरत होती, आणि पलीकडची भिंत पाण्यात पाहिल्यासारखी वाकडी दिसत होती. थाळीजवळचं एक वाळकं पान आपणहून मिटलं आणि काळं झालं.

तिने दारातली केरसुणी उचलली.

“मागे सर.”

“का? काय...” तो बघायला खाली वाकला.

“सर म्हणते ना!” आयुष्यात ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती, अरेतुरे तर दूरच.

तिने केरसुणी पुढे धरली. थाळीच्या हातभर वर असतानाच तिची टोकं लाल होऊन वळली. आग होती. कुठपर्यंत होती, ते मात्र देवालाच ठाऊक. एवढ्यात दीर किंचाळला आणि पाय झटकू लागला. पायावर काहीच दिसत नव्हतं. नुसती पँट होती, ऊन होतं, आणि तो ओरडत होता.

तिने बादली त्याच्या कमरेपासून खाली ओतली. मग पाण्याची नळी सोडली, त्याच्यावर, थाळीवर, गाडीवर. ओरडणं थांबलं. पण विझली का? दिसत नव्हती तेव्हाही पेटलेलीच होती. आता दिसत नाही, याचा अर्थ काय घ्यायचा?

“हलू नकोस,” ती म्हणाली. केरसुणीचा जळका भाग मोडून तिने कोरडी बाजू पुढे केली, आणि त्याच्या घोट्यापासून हळूहळू वर नेऊ लागली. पोटरी. गुडघा. मांडी. ओठ आपोआप पुटपुटले, देवा, याला वाचव, मी आज जावेला जाऊन सगळं खरं सांगेन. कंबर. छाती. दाढीचे खुंट. केरसुणी पिवळीच राहिली.

दीर मटकन खाली बसला. घोट्याच्या वर कातडी लाल होऊन फुगली होती. एका हाताने डॉक्टरांना फोन लावून तिने थंड पाण्याची धार त्यावर धरून ठेवली, बराच वेळ, त्याचे दात वाजायचे थांबेपर्यंत.

“वहिनी,” तो अखेर म्हणाला, “हे तिला... म्हणजे, चहाचं पाणी सांडलं म्हणू या?”

तिने त्याला दिलेला शब्द जुना होता, आणि तो पाळता पाळताच तर आज ही दुपार ओढवली होती. लपवायचं नसतं तर संध्याकाळपर्यंत थांबता आलं असतं. आग दिसली असती.

तिने नळी त्याच्या हातात दिली. “डॉक्टरांना फोन केलाय, येतीलच. पाणी बंद करू नका.” तिने पेट्रोलचा डबा आत नेऊन ठेवला, ग्रीसचे हात धुतले, एप्रन काढला.

“कुठे निघालात? वहिनी? अहो, तुम्ही कबूल केलं होतंत!”

“हो, केलं होतं,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

डॉक्टरांची स्कूटर फाटकात वळेपर्यंत ती थांबली. मग चपला घालून रस्त्याच्या सावलीच्या कडेने चष्म्यांच्या दुकानाकडे चालू लागली, पहिलं वाक्य मनात जुळवत.