झेलकऱ्याचा जी

रतनबाईच्या पत्राला म्हस्कूआप्पांनी उत्तर दिलंच नव्हतं. पत्र चैत्रात आलं, आता ज्वारी हुरड्याला आली होती. तिनं ते वैष्णवीकडून, नातीकडून, लिहून घेतलं होतं: "भाऊजी, आमचे हे गेले. जाताना तुमचं कोकराचं बोलणं म्हणत होते, ते अर्ध्यावरच राहिलं. पुढचं लिहून पाठवा. मी संध्याकाळी म्हणत जाईन."

वडगाव रासाईच्या जत्रेत आप्पा आणि तिचा नवरा बन्सी ओव्या म्हणायला जोडीनं उभे राहत. मेंढरांमागे फिरणाऱ्या वाडवडिलांची जुनी ओवी होती. हरवलेलं कोकरू बिरोबा खांद्यावर घालून आणतो, अशी. तरुणपणी आप्पांनी तिचं बोलणं केलं. ढोल हलका वाजायचा आणि ते गायचे नाहीत, नुसते बोलायचे. शेवटही त्यांनी बदलला. त्यांचा देव कोकराला आणत नाही, काटवनात त्याच्याजवळ बसून राहतो. आपण हे बरं केलं की वाईट, ही शंका त्यांना जन्मभर पुरली.

आता तेच शब्द आठवेनात. दौंडमधल्या आपल्या पुस्तकांनी भरलेल्या खोलीत ते पुन्हा पुन्हा सुरुवात करत. देव ओढा ओलांडायचा आणि पुढं सगळं कोरं. आपलेच शब्द आपण विसरलो, हे त्या बाईला कोणत्या तोंडानं कळवायचं?

एकदा खालच्या शाकीर शिंप्याकडं विजार आणायला गेले, तेव्हाही ते पुटपुटत होते.

"काय पाठ करताय आप्पा? या वयात परीक्षा हाय व्हय?"

आप्पांनी ओशाळत सगळं सांगितलं.

"आन् बन्सीमामा काय करायचे तवा?"

"तो झेलकरी. माझ्या दर ओळीला 'जी' म्हणायचा."

"मग आता जी कोण म्हणतंय? भिंत? म्हणा, मी हाय."

त्यानं मशीन थांबवलं. आप्पांनी सुरुवात केली, पण पहिला 'जी' ओळीच्या मध्येच आला.

"अरे, ओळ तरी संपू दे!"

"तुम्हीच लांबवताय की!"

आप्पा हसले. मग डोळे मिटून बोलू लागले.

"ओढा ओलांडून देव गेला."

"जी."

"काटवनात खाली बसला."

"जी."

"कोकराला म्हणाला, मला बी वाट ठावी न्हाई."

शाकीरचा 'जी' या वेळी जरा उशिरा आला.

"उजाडंस्तवर बसू दोघं."

"जी." शाकीर पुढं वाकला. "हे जुनं का तुमचं?"

"माझं," आप्पा म्हणाले. आजवर ते कुणाला असं म्हणाले नव्हते.

खोलीत परतून त्यांनी सगळं लिहून काढलं. प्रत्येक ओळीपुढं 'जी' लिहिला. खाली लिहिलं, "रतनबाई, हे एकटीनं म्हणू नका. वैष्णवीला झेलायला बसवा."

काठी टेकत ते स्टेशनजवळच्या पोस्टापर्यंत गेले आणि पाकीट पेटीत टाकलं.