भिंतीपलीकडचा गोल

क्लिफर्डने मोबाइल बंद करून पावाच्या डब्यात टाकला, रेडिओची वायर काढली आणि घड्याळाकडे पाहिलं. मॅच सुरू झाली असणार. आता ती संपेपर्यंत जगाने त्याला काही सांगायचं नाही.

"काका, एवढा खटाटोप कशाला? तसंच बघा की ऑनलाइन, कोण येतंय तपासायला?" शेजारचा ग्लेन सकाळीच मागच्या कुंपणावरून म्हणाला होता.

"मला कळतं ना, तेवढं पुरे. मॅच चालू असताना बघायची तर वर्षाचे पैसे भरून टीव्हीचं लायसन काढायलाच हवं, मग ती इंटरनेटवर का असेना. संपल्यावर बघितली तर नको. बीबीसीचं काही ऑनलाइन बघायचं तर मात्र कधीही लागतंच."

"मग आमच्याकडे या. आमचं आहे लायसन."

"तू मॅचभर बडबडतोस. आणि मॉरीनची खुर्ची काय डोक्यावर घेऊन येऊ?"

ग्लेन हसला.

बातम्या, मालिका, नाचाच्या स्पर्धा, हे सगळं मॉरीनचं, त्याच्या बायकोचं. ती गेली आणि क्लिफर्डने लायसन बंद केलं. त्याला फक्त गावच्या टीमची मॅच हवी होती. तिच्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसून, निकाल माहीत नसताना. आठवडाभर वाट पाहावी असं तेवढंच उरलं होतं. पण यॉर्कशरमधल्या त्या जुन्या चाळवजा घरांत दोघांमध्ये एकच भिंत. ग्लेनकडे गोल झाला की इकडे फडताळातल्या कपबशा वाजायच्या आणि मॅचची सगळी मजा जायची. म्हणून क्लिफर्ड त्या वेळेला कालव्याकाठी फिरायला जायचा. मागच्या वर्षी गुडघा गेला आणि फिरणं संपलं. नेमकी तेव्हापासून भिंतही गप्प झाली. टीम सारखी हरतेय, पोराचा जीव विटला असेल, असं तो धरून चालला होता.

कचऱ्याचा डबा आत घ्यायला तो लंगडत मागे गेला. ग्लेनच्या खोलीचा पडदा उघडा होता. सहज नजर गेली आणि तो जागीच थांबला.

ग्लेन सोफ्यावर उभा होता, दोन्ही हात वर, दातांत उशी. त्याची बायको शेरिल पुसायच्या फडक्यात तोंड खुपसून उड्या मारत होती. तिचे वडील स्वतःचं तोंड दाबून गोल गोल फिरत होते. कुत्रा भुंकायला लागणार, तोच शेरिलने त्याचं थोबाड धरलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं. आवाज म्हणाल तर काही नाही.

क्लिफर्ड डबा तिथेच सोडून आत आला. वर्षभर हे असं चाललं होतं. हरल्यावरच्या शिव्यासुद्धा गिळल्या असतील बिचाऱ्यांनी. त्याचे डोळे भरून आले. आपल्या माणसांनी करावं तसं त्यांनी केलं होतं, आणि तेही त्याला कळू न देता. गोल झाल्याचं आज आधीच कळलं, याचं त्याला काही म्हणता काही वाटलं नाही.

मॅच संपून बराच वेळ गेल्यावर त्याने ती लावली. उत्तरार्धात चेंडू जाळ्यात गेला तसा तो खुर्चीला धरून उठला आणि घसा फाटेस्तोवर ओरडला. मॉरीन गेल्यापासून त्या खोलीत कोणी ओरडलं नव्हतं.

 पलीकडे तिघं आणि कुत्रा एकदमच ओरडले, आणि फडताळात मॉरीनच्या कपबशा वाजू लागल्या.