थंड खोलीतला बफर

घटस्फोट झाला तरी टेबल एकच राहिलं. प्रयोगशाळेत दुसरं रिकामं नव्हतंच. तो बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण, बनवायचा, ती त्या बफरवर पेप्टाइड शुद्ध करायची, आणि दोघांच्या मध्ये पीएच मीटर, भांडणात मध्यस्थ बसवावा तसा. शेवटी तिला त्याचं खाकरणंही सोसेना. तिनं आपली काचेची नळी उचलली आणि थंड खोलीत नेऊन मांडली. साहेबांना सांगितलं, "पेप्टाइड थंडीत जास्त टिकतं." खोटं नव्हतं. पण खरं कारणही ते नव्हतं.

थंड खोली म्हणजे माणूस मावेल एवढा फ्रीज. खुंटीला एकच जाड कोट. दिवसभर पंख्याची घरघर. सुटले बाई एकदाची, असं ती स्वतःशीच म्हणायची. स्वतःशीच, कारण ऐकायला दुसरं होतं कोण?

आणि मग पेप्टाइड हातचं गेलं.

नळीत ऋण प्रभाराचे मणी असतात. पेप्टाइडवर धन प्रभार असला की ते मण्यांना धरून राहतं, घाण वाहून जाते. त्या दिवशी काहीच धरून राहिलं नाही. टाकाऊ बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला. तिनं मीटर आत आणून बफरचा पीएच मोजला. आठ पूर्णांक दोन! हवा होता सात पूर्णांक सहा. आठ पूर्णांक दोनला या पेप्टाइडवरचे धन आणि ऋण बरोबरीत येतात. बेरीज शून्य. मग मण्यांची ओढ नाही, एकमेकांना लांब ढकलणंही नाही. गोळा होऊन तळाला बसायचं, बस.

त्याची अजून एक चूक झाली की तो घरी, असं साहेबांनी मागेच बजावलं होतं. तिला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच ती तडक गेली. उगाच सभ्यपणाचे बुरखे कशाला?

"मुद्दाम करतो तो, साहेब. माझं काम बुडावं म्हणून."

"बफरची बाटली आणा. मीटर आणा. आणि त्यालाही बोलवा."

तो आला. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि लांबतच गेला. दोघं टेबलाच्या दोन टोकांना उभी, एकमेकांच्या चपलांकडे बघत. बाटलीवरचं दव हळूहळू सुकलं.

"हं, मोजा आता."

सात पूर्णांक सहा.

"बाई, थट्टा चाललीय का माझी?"

"आत मोजलं तेव्हा आठच्या वर होता! शप्पथ!"

"आत," तो पहिल्यांदा बोलला. "ट्रिसचा बफर आहे हा. गार झाला की पीएच चढतो. मी इथल्या उबेत जुळवला होता."

"मग सांगायचं नाही? नळी आत नेताना बघत होतास की!"

"सांगायला आलो होतो. तू दार लावून घेतलंस."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "तुमच्या अबोल्यात माझं पेप्टाइड मेलं!"

"मेलं नाही," ती म्हणाली. "साका आहे. आम्ल घातलं की प्रभार येईल, विरघळेल." मग लगेच, "चूक माझी आहे. याला काढू नका."

साहेबांनी दोघांनाही हाकललं. कामाला.

बफर आता थंडीतच जुळवायला हवा होता. तो बाटली घेऊन आत गेला. कोट तिच्या अंगावर राहिला होता. दाराच्या काचेतून तिला तो दिसत होता. एका हाताने थेंब थेंब आम्ल सोडत होता, दुसरा हात बगलेत. तिनं कोट काढला, दार जेमतेम उघडलं आणि कोट आत धरला.

"घे."

"झालंच," तो म्हणाला. कोट घेतला नाही.

बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "आता धरेल ते," एवढंच बोलून तो टेबलाकडे गेला. ती आत शिरली, दार लावलं, कोट घातला. कोट अजून उबदार होता. पण ती ऊब तिचीच होती.