हौसाच्या राबाचं अपकृत्य

हौसा माझी धाकटी जाऊ. तिची सून नम्रता शहापूरच्या कोर्टात वकील झाली, तेव्हा हिने अख्ख्या शेणवे गावात पेढे वाटले. माझ्या वाट्याचा पेढा मी तिच्यादेखत मांजरापुढे टाकला. तेव्हापासून आमचा अबोला. माझी सून अनिता भाकरी झकास थापते, पण भाकरीसाठी कोणी पेढे वाटत नाही.

भाताच्या रोपाची जागा उन्हाळ्यात भाजून ठेवायची, त्याला आमच्याकडे राब म्हणतात. शेण, पालापाचोळा पसरून पेटवायचा. पेटवण्याआधी शेजारच्या शेतवाल्याला हाक द्यायची. तो ओली डहाळी घेऊन आपल्या बांधावर उभा राहतो, ठिणगी उडाली की झोडपतो. एकमेकांचं तोंड न बघणारेसुद्धा ही हाक देतात आणि हाकेला येतात.

त्या दुपारी हौसाने हाक दिली नाही. वारा फिरला आणि बांधालगत रचलेली माझी पेंढ्याची उडवी पेटली. आम्ही धावत पोचेपर्यंत राख. माझ्या बैलांची पावसापर्यंतची वैरण होती ती.

पोलीसपाटील काळूरामला घेऊन मी तिच्या अंगणात गेले. "हिला चौकीवर बसव. मुद्दाम लावली हिने."

"मुद्दाम कशाला लावील, गुणाबाय? तिचाच हात भाजलाय."

हाताला फडकं गुंडाळलेली हौसा भिंतीकडे बघून बोलली, "वारा काय मी फिरवला?"

"मग वाऱ्याला नोटीस काढ. घरात वकील आहे की तुझ्या."

वकीलबाई तेवढ्यात आल्याच, काळा कोट हातावर टाकून. मला वाटलं, आता ही सासूला पाठीशी घालणार. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सासूलाच विचारलं, "आई, हाक दिलीत?"

"दिली असती तरी आली नसती ती."

"दिली का, ते विचारलं."

"नाय."

मग ती माझ्याकडे वळली. "थोरल्या आई, याला अपकृत्य म्हणतात."

"हे कुठलं गो नवीन?"

"गुन्हा नाय, म्हणून चौकी नाय. आईंच्या मनात वाईट नव्हतं. पण शेजाऱ्याला सांभाळून राब भाजणं त्यांच्याकडे होतं, ते त्यांनी केलं नाय, आणि तुमचं नुकसान झालं. मन साफ असलं तरी नुकसान भरून द्यायचं. एवढाच अर्थ." जरा थांबून म्हणाली, "पण कोर्ट तुमालाही विचारील. हाक आली असती, तर आला असता?"

इथे मी अडखळले तर माझा अर्धा पेंढा गेला, एवढं मलाही कळलं.

"आले असते. मी तुझ्या सासूशी बोलत नाय, राबाशी काय भांडण माझं? बांधावरून आमची कोर्टकचेरी चालली होती, त्या साली डहाळी घेऊन कोण उभी होती, विचार तिला."

"हीच होती," हौसा भिंतीलाच म्हणाली.

"मग द्या, आई. जळला तेवढा सगळा."

आता माझं पोट थंड व्हायला हवं होतं. उलट जास्तच पेटलं. पोरीने गावासमोर सासूला चुकीचं ठरवलं, आणि सासू तिच्याकडे बघत होती ती कौतुकाने! मी म्हटलं सूर्य दक्षिणेला मुरबाडकडून उगवतो, तर माझी अनिता म्हणते, "हो आई."

संध्याकाळी पेंढ्याचा शेवटचा भारा नम्रताने स्वतः डोक्यावरून आणला. मी तिला ओट्यावर बसवलं. चहा झाला. अनिताला पुन्हा चहा ठेवायला सांगितला. अपकृत्याचा अर्थ मला पहिल्याच झटक्यात कळला होता, तरी परत विचारला. पोरगी न कंटाळता सांगत राहिली. समोरच्या घरात हौसा भाजल्या हाताने चूल पेटवायला बघत होती, दर थोड्या वेळाने दारात येऊन इकडे नजर टाकत होती.

नम्रता उठायला लागली.

"बस गो," मी म्हटलं. "आणि कोणाचा बैल दुसऱ्याच्या वालात शिरला, तर ते काय होतं?"