पंडुमाआधीचा आंबा

तुम्ही धनराजचा आंबा नापास केला. वरून शेरा मारला : ‘फळ दाबल्यावर खाल्ले जात नाही. एक वृद्ध गृहस्थ रागावतात. दोष दूर करावा.’ दोष कोणाचा, हे विचारायची तसदी तुम्ही घेतली नाही. एटापल्लीच्या पुढे डांबर कुठे संपतं हे नकाशातही न बघता एका माणसाचं तीन वर्षांचं पुस्तक अडवून बसलात. आता झालं काय ते ऐका. मधे बोलायचं नाही.

‘रंगमेळ’ तुमच्या कंपनीचं. चित्र, आवाज आणि हालचाल एकत्र बांधून ॲप तयार करायचं साधन, असं तुमच्याच जाहिरातीत आहे. मराठीत त्यावर पुस्तक नव्हतं. ते लिहायला घेतलं धनराजनं. धानोऱ्यात त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की इंग्रजी व्हिडिओ लावायचा, दर वाक्याला थांबवायचा, कळेपर्यंत शिव्या द्यायच्या आणि कळलं की लिहून काढायचं, अशी त्याची पद्धत. टाइमलाइन त्यानं भाताच्या रोवणीच्या दोरीवरून समजावली आणि लेअर तणसाच्या ढिगावरून : खालची पेंढी ओढली की वरचं सगळं अंगावर. तुमच्या इंग्रजी पुस्तकात हे चाळीस पानांत येतं आणि तरी येत नाही.

तुमची अट अशी की पुस्तकात शिकवलेलं ॲप तपासणीत पास झालं तरच पुस्तक छापणार. धनराजनं रीनाला गाठलं. ती एटापल्लीकडच्या एका माडिया गावची, गडचिरोलीला शिकलेली, चित्रात हात चांगला. दोघांनी लहान पोरांसाठी शब्दांचं ॲप केलं. चित्र दाबलं की त्याचं माडिया बोलीतलं नाव ऐकू यायचं आणि मग काहीतरी घडायचं. मोर नाचायचा, मोहफूल टपकन पडायचं. आंबा दाबला की ‘मर्का’ असा रीनाचा आवाज, पाठोपाठ कचकच, आणि आंबा घासाघासानं संपून कोय उरायची. ती कचकच धनराजची होती. त्यानं दुकानाचं शटर ओढून फोनसमोर काकडी खाल्ली होती. तुमच्या एकाही तज्ज्ञाला हे ओळखू आलं नाही, ते असो.

ॲप दाखवायला ते चैत्रात रीनाच्या गावी गेले. मोहाच्या झाडाखाली पोरांचा गराडा पडला. गावातल्या सुकरीबाईच्या नातीनं आंबा दाबला. कचकच, कोय. पोरं खिदळली. मागून कोणीतरी खाकरलं आणि खिदळणं थांबलं.

तो लच्छू होता. गावाचा गायता, म्हणजे गावाची पूजा त्याच्या हातची. नात्यानं रीनाचा आजा. त्या गावात पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय नवा आंबा कोणी तोंडाला लावत नाही. आधी देव, मग पूर्वज, मग माणसं. पंडुम कधी करायचा ते गाव बसून ठरवतं, आणि गाव अजून बसलं नव्हतं. धनराजला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण मोबाइलमधला आंबा त्यात मोडतो, हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

“हा आंबा कोनं खाल्ला?” लच्छूनं विचारलं.

“फोटो आहे, लच्छूभाऊ.”

“कायचा फोटो?”

“आंब्याचा.”

“मंग?”

धनराजच्या पुस्तकात सतरा प्रकरणं होती. या ‘मंग’चं एकही नव्हतं.

गाव तिथंच बसलं. काही जण म्हणाले, फोटो आहे, सोडून द्या. सुकरीबाई म्हणाली, माझ्या नातीच्या तोंडाला पाणी सुटलेलं मी या डोळ्यांनी पाह्यलं, सोडून कसं द्यायचं? शेवटी दंड ठरला : एक कोंबडा. धनराजनं घासाघीस करून पाहिली. फोटोतला आंबा खाल्ला असेल तर फोटोतला कोंबडा देतो, म्हणाला आणि ॲपमधला कोंबडा दाबला. कोंबडा झकास आरवला.

लच्छूनं मान डोलावली. “वाजते चांगला. आता शिजवून दाखव.”

खरा कोंबडा द्यावा लागला. तो शिजला, गावानं खाल्ला, धनराजलाही वाढला. हात धुता धुता रीना म्हणाली, धनराजभाऊ, आपण आंब्याले कुलूप लावू.

ते कुलूप असं. पंडुमाआधी आंबा दाबला तर तो नुसता झुलणार आणि लच्छूचा आवाज येणार : “थांब ना बाबू. अजून नाई.” गाव बसलं, पंडुम झाला, की गायत्यानं आंब्यावर अंगठा धरून ठेवायचा. ढोल वाजला की त्या गावापुरता आंबा मोकळा. शेजारच्या गावाचा त्यांच्या दिवशी. लच्छूचा आवाज घेताना मात्र घाम फुटला. रिकाम्या फोनवर रागवायला तो तयार होईना. समोर चूक करणारा माणूस पाहिजे म्हणाला. म्हणून रीना फोन धरून उभी आणि धनराज दर वेळी खऱ्या कैरीला हात घालतोय, असं करत ते काम उरकलं. शेवटच्या वेळी लच्छू खरंच चिडला. तोच आवाज ॲपमध्ये आहे.

पोरांना ॲपमधलं सर्वांत जास्त काय आवडलं असेल, तर ते रागावणं. मोर न नाचता तसाच उभा. सगळी बोटं आंब्यावर.

मग ॲप तुमच्या तपासणीला गेलं आणि तुमचा शेरा आला. धनराजनं तुमच्या साहेबाला फोन लावला. साहेब गोड बोलले. म्हणाले, एक तारीख टाकून द्या, साऱ्या गावांना एकच. धनराज म्हणाला, गाव बसल्याशिवाय तारीख नाही. साहेब म्हणाले, मग हे टाळून पुढे जायचं बटण द्या. धनराजनं फोन ठेवला.

घरी उर्वशीनं, त्याच्या बायकोनं, सरळ हिशेब मांडला. “आता काढून टाका ते कुलूप. पुस्तक येऊ द्या, मंग लावजा पुन्हा.” बोलणं वावगं नव्हतं. पुस्तकापायी तिनं तीन वर्षं नवऱ्याची पाठच पाहिली होती. धनराजनं कुलूप काढलं. नुसती एक खूण पुसायची होती. पाठवण्याआधी तपासावं म्हणून अंगठा आंब्यावर नेला आणि तो वरच थांबला. धनराज लच्छूच्या रागावण्याची वाट पाहत होता. शेवटी दाबलंच. कोणी रागावलं नाही. आंबा गुमान खाल्ला गेला, त्याच्याच काकडीच्या आवाजात. त्यानं कुलूप परत लावलं.

तेव्हा कुठे त्यानं तुमचा शेरा खालपर्यंत वाचला. आधी रागात अर्धाच वाचला होता. खाली लिहिलं होतं : ‘आमच्या तज्ज्ञांनी कुलूप आतून काढून आंबा तपासला. खाण्याचा आवाज अत्यंत नैसर्गिक आहे.’

धनराज इतका हसला की उर्वशी बाहेर आली. त्यानं रीनाला फोन केला, रीनानं लच्छूला सांगितलं. दुसऱ्या दिवशी गाव बसलं, आणि या वेळी फोटो आहे, सोडून द्या, असं एकही जण म्हणाला नाही.

तुमच्या तपासणीच्या पानावर एक चौकट असते : ‘दोष दूर केला का?’ धनराज तिच्यात पुस्तकी भाषेत लिहायला बसला आणि पहिल्याच शब्दाला ती भाषा सोडून दिली. त्यानं लिहिलं :

“नाई केला. रंगमेळची नवी आवृत्ती तुम्ही मले पुस्तकासाठी आधीच देली, अन् उद्घाटन होईस्तोर कोनाले दाखवाची नाई म्हणून सही घेतली. तुमचा नारळ फुटेपर्यंत मी ते बायकोलेही दाखवली नाई. काऊन थांबाचं, असं विचारलं नाई. लच्छूभाऊ याच्याहून वेगळं काय सांगून राह्यले? अन् तुमच्या मानसानं पंडुमाआधी आंबा खाल्ला, हे तुम्हीच लिहून देलं. मले जो नियम, तोच तुमाले. तर पुस्तक कधी छापता अन् कोंबडा कधी पाठवता? कोंबड्याचा फोटो चालनार नाई. उत्तर द्या.”