आबांची न प्यालेली दारू

पोरगी नायब तहसीलदार झाली की घरी पेढे येतात. प्रज्ञाच्या घरी पेढ्यांपाठोपाठ तीन वर्तमानपत्रं आली, आणि तिन्हींनी मिळून तिच्या घराचं पार वाटोळं केलं होतं.

पहिल्यात ती कंदिलाच्या उजेडात शिकली होती. चाळीसगावच्या रेल्वे क्वार्टरात जन्म गेलेल्या पोरीने कंदील पाहिला असेल तर तो गार्डाच्या हातात. दुसऱ्यात तिची आई चार घरची धुणीभांडी करत होती. द्रौपदाबाई अंगणवाडीत मदतनीस होती, आणि घरच्या भांड्यांनाही नवऱ्याला हात लावायला लावायची. ह्या दोन्हींवर मायलेकी पोट धरून हसल्या. तिसऱ्यावर मात्र कुणाला हसू आलं नाही. 'व्यसनी पित्याने नशेत पुस्तकं जाळली, तरी लेकीने गाठलं शिखर,' असा मथळा होता आणि खाली प्रज्ञाचा हसरा फोटो.

आता हा व्यसनी पिता कोण? तर यादव आबा, रेल्वेतले कीमॅन. उन्हातान्हात रूळ तुडवत, ढिल्या चाव्या ठोकत फिरणारा माणूस. ड्यूटी संपली की गँगमधले बाकीचे गुत्त्याकडे वळायचे आणि हे घराकडे. त्यावरून लोक त्यांना 'भन्तेजी' म्हणून चिडवायचे, तर ह्यांना त्याचा अभिमानच वाटायचा. दर पौर्णिमेला विहारात पंचशील आबाच म्हणवून घेत. पुढे आबा म्हणणार, मागून बठ्ठी, म्हणजे झाडून सगळी, मंडळी म्हणणार. त्यातलं पाचवं शील म्हणजे दारूपासून दूर राहण्याचं. ते म्हणताना त्यांचा आवाज जरा चढायचा, आणि का चढू नये? साऱ्या मोहल्ल्यात ते छातीवर हात ठेवून म्हणणारे तेवढेच होते.

बातमीनंतरच्या पौर्णिमेला ते पाचव्या शीलावर आले आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं. आबांनी कसंबसं पुरं केलं, घरी आले आणि सांगून टाकलं, पुढच्या खेपेपासून दुसरा माणूस बघा.

"जाऊ दे माय," ते प्रज्ञाला म्हणाले. "पेपरना काय इतबार शे? रद्दीमा जाई."

पण प्रज्ञाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. रद्दीत पेपर जातो, बापाचं नाव का जावं? तिने जळगावच्या गुणगौरव समितीच्या अध्यक्षांना, युवराजदादांना फोन लावला. प्रज्ञाचा सत्कार ठरवून त्याची बातमी ह्याच समितीने पेपरांना दिली होती.

दुसऱ्या दिवशी युवराजदादा घरी आले, सोबत प्रसिद्धीप्रमुख लीलाधर. चहा झाला आणि खरा प्रकार बाहेर आला. अध्यक्षांशिवाय पत्रकारांशी कुणी बोलायचं नाही, आणि घरच्यांना विचारल्याशिवाय एक अक्षर द्यायचं नाही, असं समितीच्या बैठकीत ठरलं होतं. ठरलं कसलं, हात वर करून झालं होतं. पण ह्या समितीत प्रत्येक सभासदाचा एकेक घरचा पत्रकार. कुणाचा मेहुणा, कुणाचा वर्गमित्र. बैठक संपायच्या आत तिघांनी तीन फोन लावले होते. आपल्या माणसाला काहीतरी वेगळं मिळावं म्हणून प्रत्येकाने पदरचं घातलं. कंदील एकाचा, धुणीभांडी दुसऱ्याची आणि दारू लीलाधरची.

"मी आधी खरंच सांगितलं होतं, ताई," लीलाधर कपातल्या सायीकडे बघत म्हणाला. "वडील रेल्वेत आहेत म्हटलं. तर तो म्हणे, मग यात संघर्ष कुठे आहे? पगारदाराच्या पोरीची बातमी आतल्या पानावर जाईल. म्हणून जरा…"

"जरा?" प्रज्ञा म्हणाली. "तुम्ही आमच्या घरचं पाणी प्यालात, लीलाधरभाऊ. ह्या घरात कधी वास तरी आला का तुम्हाला?"

"समाजाचं नाव मोठं व्हावं हाच हेतू होता."

"आमची लाज काढून समाजाचं नाव मोठं होतं? आपल्या माणसाने नीट नोकरी केली, पोरं शिकवली, हे सांगायची तुम्हालाच लाज वाटते. पेपरवाल्यांना आपली नुसती दैना पाहिजे, आणि तुम्ही ती ताटात वाढून देता."

तिने त्याला तिथंच फोन लावायला लावला, स्पीकर चालू ठेवून. पलीकडचा बातमीदार काही वाईट बोलला नाही. "छापतो ना, ताई. पण काय छापू ते सांगा. 'यादवराव दारू पीत नाहीत' असं? लोक म्हणतील, कालपर्यंत पीत होते. आत चार ओळी येतील आणि ज्याला माहीत नव्हतं त्यालाही कळेल."

मेल्याचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच प्रज्ञाला त्याचा जास्त राग आला.

शेवटी युवराजदादांनी शब्द दिला. सत्कार सुरू होताच आपण स्वतः माईकवर सांगू, पत्रकार समोर असतील, समितीची चूक झाली म्हणून मान्य करू. त्या शब्दावर प्रज्ञा यायला तयार झाली. आबांनी लग्नातला सफारी बाहेर काढला.

जळगावचा हॉल खच्चून भरला होता. पहिल्या रांगेत पत्रकार, व्यासपीठावर धुळ्याचे कापूस व्यापारी रुपचंदशेठ. समितीच्या वसतिगृहाला नवा मजला चढवायचं त्यांनी कबूल केलं होतं, आणि ते कशामुळे, तर त्या तिसऱ्या बातमीमुळे. म्हणजे समितीच्या विटा आबांच्या दारूवर रचल्या जाणार होत्या. युवराजदादा माईकपाशी आले. त्यांनी प्रास्ताविक केलं, स्वागत केलं, शेठजींचे आभार मानले, नंतर पुन्हा एकदा आभार मानले. प्रज्ञा त्यांच्याकडे टक लावून बघत होती. त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही, आणि वेळेअभावी भाषण आटोपतं घेतो म्हणून जागेवर बसले.

मग आईवडिलांचा सत्कार पुकारला गेला. द्रौपदाबाईला साडी दिली, ती खाली जाऊन बसली. आबांच्या खांद्यावर रुपचंदशेठांनी स्वतः शाल घातली. माणूस मनाने चांगला, त्यात खोट नाही. त्यांनी आबांचा हात हातात घेतला, माईक जवळ ओढला आणि मायेने विचारलं, "यादवभाऊ, झालं गेलं विसरा. आता सोडली ना?"

आबांनी एकदा लेकीकडे बघितलं, एकदा शेठजींकडे. शेठजींच्या मागे युवराजदादांनी हात जोडलेले प्रज्ञाला दिसले, आबांनाही दिसले असावेत.

"हो साहेब," आबा म्हणाले. "सोडली."

अशा टाळ्या पडल्या की प्रज्ञाच्या निवडीलाही पडल्या नव्हत्या. मागच्या बाया डोळे पुसायला लागल्या.

प्रज्ञा उठली. शेठजींपुढचा माईक तिने जवळजवळ हिसकावून घेतला. "टाळ्या थांबवा," ती म्हणाली, आणि आवाज असा निघाला की खरंच थांबल्या. "माझ्या वडिलांनी दारू सोडली नाही, कारण ती कधी धरलीच नव्हती. ही गोष्ट ह्या समितीच्या लीलाधरभाऊंनी रचली. अध्यक्षांना माहीत आहे. त्यांनी आज इथं सांगायचा शब्द दिला होता आणि तो गिळला. लिहून घ्या."

रुपचंदशेठांनी आबांचा हात सोडला. त्यांना कळेना, आपण नेमकं कुणाला लाजवलं. लीलाधर मोबाईलमध्ये बघत बसला. युवराजदादा हळूच म्हणाले, "ताई, समितीची अब्रू जाते." तिने तिकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिल्या रांगेतला एक पत्रकार उभा राहिला. तरुण होता, विचारायचं म्हणून विचारत होता. "मॅडम, पण त्यांनी आत्ताच स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. आमच्याकडे रेकॉर्ड आहे. मग आम्ही कुणाचं खरं धरायचं?"

प्रज्ञा आबांकडे वळली. तिचा संताप आणखी चढला. तो लीलाधरवर होता, दादांवर होता, आणि खरं सांगायचं तर शाल पांघरून खाली मान घालून उभ्या असलेल्या बापावरही होता.

तेवढ्यात खालून द्रौपदाबाई उठली. तिला माईक लागला नाही.

"ह्या माणूसनी जन्ममा दारूले हात लावा नही," ती त्या पोराला म्हणाली. "पोरना कार्यक्रम नासाले नको म्हनीसन आज पहिलांदाव खोटं बोलनात. तुम्ही बठ्ठासनी मिळीसन बोलाले लावं. आते ते छापा."