पाठीवरचं बूच

"वर ये रे बाबा आता. किती वेळ राहशील खाली?"

भिंतीपलीकडचं हे पुटपुटणं कानावर आलं आणि थेमेलिनाच्या हातातला कपड्यांचा चिमटा हवेतच राहिला. दुपारचे साडेतीन वाजले होते. उन्हाळ्यात या वेळी ग्रीसच्या काल्यम्नोस बेटावर कुत्रंसुद्धा परवानगी घेऊन भुंकतं. ती गच्चीवर चोरपावलांनी चादरी वाळत घालत होती. खाली अंगणात, द्राक्षाच्या मांडवाखाली, तिचा नवरा साकेलारिस खाटेवर पालथी होडी ठेवावी तसा पोट वर करून झोपला होता. त्याचं घोरणं मघाशीच बंद पडलं होतं.

मग बुडता माणूस वर येऊन हवा ओढतो तसा घर्रकन आवाज झाला. खाट करकरली. भिंतीपलीकडून सुस्कारा आला.

"हं. आला."

थेमेलिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा नवरा आला की गेला, याची चौकशी या बाईला कशाला?

ही बाई म्हणजे शेजारीण सेवास्ती. चार वर्षांपूर्वी विधवा झालेली. थेमेलिनापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण काळ्या कपड्यांत कंबर अशी दिसायची की पोरीबाळींनी मान खाली घालावी. तिचे टोमॅटो आधी पिकायचे, तिची मांजर जास्त पिल्लं द्यायची, आणि विधवापणसुद्धा तिच्या वाट्याला असं आलं होतं की बायकांनी हेवा करावा. तिचा मिकेस दुपारी झोपला तो झोपेतच गेला. ना दवाखाना, ना कण्हणं. वर्षश्राद्धाला चर्चच्या दारात मृताच्या नावानं वाटलेले गोड गहू खाताना बायका म्हणाल्या होत्या, "बुडी मारली आणि वर आलाच नाही. असं मरण नशीबवानाला येतं गं." सेवास्ती हातातले गहू नुसते चिवडत राहिली होती. थेमेलिनाला तेव्हाही वाटलं होतं, बघा, दुःखातसुद्धा हिला ऐट जमते!

बुडी हा शब्द बेटावर सगळ्यांच्याच तोंडी. समुद्रातून स्पंज काढणाऱ्यांचं बेट ते. साकेलारिसचा आजा छातीशी दगड कवटाळून तळ गाठायचा. त्याचा नातू झोपेत श्वास धरतो, याचं कुणाला नवल नव्हतं, उलट अभिमानच होता. कॉफीच्या दुकानात तो खुर्चीतच पेंगला की म्हातारे घड्याळ काढून बसत. "चाळीस! पंचेचाळीस! अरे, हा आज्यालाही मागे टाकणार!" तो दचकून जागा झाला की टाळ्या. मग साकेलारिसही लाजत लाजत हसायचा.

सकाळी त्याचं डोकं ठणकायचं, रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेऊनही दाब उतरायचा नाही, आणि समोरच्या लहान बेटावर माणसं पोचवणारी त्याची होडी मे महिन्यात धक्क्यावर जाऊन आपटली होती. पण त्याचा संबंध या बुड्यांशी कुणी लावला नाही. होडीचा दोष वाऱ्याला दिला गेला. वारा काही उत्तर देत नाही.

थेमेलिनानंही लावला नाही. ती गेली अकरा वर्षं वरच्या खोलीत, कानांत मेणाचे बोळे घालून झोपत होती. झोपेपुरता तिनं घटस्फोट घेतला होता, बाकी संसार रीतसर चालू होता.

दुसऱ्या दिवशी कपडे धुताना तिच्या हाताला काहीतरी टणक लागलं. साकेलारिसचा जुना बनियन. पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, एक खिसा शिवलेला, आणि त्यात मासेमारीच्या जाळ्याचं बूच. टाके बारीक, एकसारखे, मुंग्यांच्या रांगेसारखे. असे टाके थेमेलिनानं जन्मात घातले नव्हते. बेटावर ते घालणारी एकच होती.

तो जेवायला आला तेव्हा बनियन ताटाशेजारी ठेवलेला होता.

"हे काय आहे?"

"बनियन."

"ते दिसतंय मला. पाठीवर काय आहे?"

"बूच."

"तू जाळं आहेस की मासा?"

"उताणा झालो की टोचतं, मग कुशीवर होतो. कुशीवर असलो की गळा तितका बंद होत नाही म्हणे."

"म्हणे! कोण म्हणे?"

साकेलारिसनं टोमॅटोची फोड काट्यानं इकडून तिकडे सरकवली. ती फोडही भिंतीपलीकडच्या टोमॅटोची होती, हे थेमेलिनाला नेमकं त्याच क्षणी आठवलं.

"दुसऱ्या बाईची सुई माझ्या नवऱ्याच्या पाठीवर, आणि मी आपली धुतेय!" ती उठली आणि त्याचं जाकीट झटकायला लागली. जाकीट काही मळलेलं नव्हतं. पण संशय आला की बायकांचे हात आपोआप खिशांकडे जातात. आतल्या खिशातून चार घड्या घातलेला कागद निघाला. शेजारच्या कोस बेटावरच्या दवाखान्याचा.

कागदावर वर छापलं होतं: "रुग्णासोबत झोपणाऱ्या व्यक्तीने भरावे."

खाली गोल, वळणदार अक्षर. श्वास थांबतो का? हो. किती वेळा? मोजता मोजता थकायला होतं. सर्वांत जास्त वेळ? एक्काहत्तर सेकंद. गुदमरून उठतो का? उठतो, पण त्याला ते आठवत नाही. आणि शेवटी सही. सेवास्ती.

थेमेलिना खुर्चीत बसली.

"तू कोसला इंजिनाचा पट्टा आणायला गेला होतास ना? रात्रभर राहिलास."

"रात्रभर दवाखान्यातच होतो. छातीला, डोक्याला तारा लावून झोपवलं मला. तासाला त्रेचाळीस वेळा श्वास थांबतो म्हणाल्या डॉक्टरबाई."

"आणि सोबत झोपणारी ती?"

"त्यांनी विचारलं, तुमची झोप ऐकतं कोण? खरं ते सांगितलं. कागद इथं आणून तिच्याकडून भरून घेतला." तो हळूच म्हणाला, "तुझ्या कानांत मेण असतं, थेमेलिना."

हे खरं होतं, आणि म्हणूनच फार लागलं.

मग त्यानं एकेक करून सगळं सांगून टाकलं. श्वास थांबला की रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि हृदय बिचारं रात्रभर उलट्या वाऱ्यात वल्हवत राहतं. गोळ्यांनी दाब उतरत नाही तो त्यामुळेच. असंच चालू राहिलं तर एखाद्या दिवशी झटका येईल, किंवा अर्धं अंग लुळं पडेल, नाहीतर होडी चालवताना डोळा लागेल आणि सोबत बारा माणसं असतील. उपाय आहे. पंधरा किलो वजन उतरवायचं, संध्याकाळची दारू बंद, आणि एक यंत्र. नाकावर मुखवटा, त्याला नळी. त्यातून येणारी हवा गळा उघडा ठेवते. उद्या सकाळच्या बोटीनं जाऊन ते बसवून घ्यायचं होतं.

"आज्यालाही म्हातारपणी नळीनंच हवा द्यायचे," तो जरा हसला. "वर बोटीवर एक माणूस पंप फिरवायचा."

"मग इथं कोण फिरवणार? ती?"

"वीज."

"ते यंत्र या घरात येणार नाही. तिनं ठरवलं, तिनं लिहिलं, तिनं शिवलं. आता माझ्या नवऱ्याला श्वासही तिच्या मर्जीनं घ्यायचा? तू उद्या जायचं नाहीस."

भांडेल असं तिला वाटलं होतं. पण साकेलारिसच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं काहीतरी उमटलं. डुबकीबहाद्दराचा नातू नाकाला नळी लावून झोपलेला दिसला तर कॉफीच्या दुकानात काय होईल, ही धास्ती त्यालाही होतीच.

"बरं. नाही जात," तो म्हणाला आणि अंगणातल्या खाटेवर जाऊन आडवा झाला. बनियनाशिवाय, उताणा.

थेमेलिनानं कात्री घेतली. मुंग्यांची ती रांग उसवायला वेळ लागला, टाके फार चिवट होते. बूच मोकळं झालं तसं मुठीत धरून ती भिंतीशी गेली. पलीकडे सेवास्ती उभी होती. सगळं ऐकलं असणार, भिंत अंजिराच्या झाडाएवढीही उंच नव्हती.

"घे तुझं बूच."

सेवास्तीनं हात पुढे केला नाही. "उद्या जातोय ना तो?"

"नाही जात. तुला काय पडलंय गं त्याचं? तुझा नवरा गेला. सुखानं गेला, सगळं बेट म्हणतं. आता माझ्या नवऱ्यावर डोळा?"

"हळू बोल. उठेल."

"उठू दे! माझा नवरा आहे, मी उठवीन!"

पण तो उठला नाही. त्याचं घोरणं चढत चढत गेलं आणि मधेच तुटलं. अंगण एकदम शांत झालं. किती छान शांत झालं, असं थेमेलिनाच्या मनात आलंच. मांडवावर एक गांधीलमाशी फिरत होती, तिचाही आवाज स्पष्ट येत होता.

"मोज," सेवास्ती म्हणाली.

"मी कशाला..."

"मोज म्हणते ना."

थेमेलिनानं मोजलं नाही. पण बघितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. साकेलारिसची छाती वर यायला बघत होती, दार ढकलावं तशी, आणि आतून कुणी कडी घातली होती. ओठ जांभळे झाले होते. हात चादरीवर चाचपडत होता.

"छत्तीस," सेवास्तीचे ओठ हलत होते. "सदतीस."

"हे काय... हा काय करतोय?"

"बुडी मारतोय. तुम्ही सगळे म्हणता ना."

थेमेलिनानं बूच टाकलं आणि धावत जाऊन त्याला दोन्ही हातांनी हलवलं. घर्रकन हवा आत गेली. डोळे न उघडता तो कुशीवर वळला. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, बूच होतं त्याच जागी, आणि तो तिथून काढला नाही. मान वळवून तिनं भिंतीकडे पाहिलं. डोळ्यांत अजून थोडा राग होता, कारण हे आधी हिला दिसलं होतं.

"तुला कसं कळलं गं?" तिनं विचारलं. "इतक्या वर्षांत कुणाला नाही कळलं. तुलाच कसं?"

सेवास्तीनं भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. वर्षश्राद्धाला गोड गव्हांकडे बघत होती तशी ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

"मिकेस गेला तेव्हा मी जागी होते, थेमेलिना. शेजारीच होते. त्याचं घोरणं थांबलं, आणि मला वाटलं, चला, सुटले एकदाची. मी त्याला हलवलं नाही. कूस बदलली आणि झोपले. तीस वर्षांत इतकी गाढ झोपले नव्हते मी."